‘आयजीआय’चं बळ दुर्बिणीत, दुखणं बॅरेकमध्ये

प्रश्न असा आहे: "दादा, मी कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही तिघं मिळून लपतछपत खेळायचा एक गेम बनवतोय. चोरून नेऊन गुऱ्हाळावर बांधलेला आपला बैल एका पोरानं रात्रीत सोडवून आणायचा, बैलाच्या गळ्यातली घंटा पोरगं आपोआप काढतं, एवढीच गोष्ट. माझा मोठा भाऊ म्हणतो, ‘आयजीआय’सारखा बनवा, तसा गेम पुन्हा झाला नाही. मी खेळून बघितला आणि दोन तासांत वैतागलो. तो खरंच चांगला होता, की तुमच्या पिढीला त्याची नुसती माया आहे? त्यातलं काय घ्यावं, काय टाकावं?"

भावा, तुझं वैतागणंही बरोबर आहे आणि तुझ्या भावाचं प्रेमही. दोन्ही एकाच गेममधून कसं निघतं, हे समजलं तर तुमचा निम्मा गेम तिथंच सुटेल. म्हणून जरा लांबण लावून सांगतो. गेममधल्या लेव्हल आखायचं काम मी चौदा वर्षं करतोय. त्याआधी शाहूपुरीतल्या एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन हाच गेम खेळायचो. त्या कोंदट खोलीत जे कळलं, ते अजून कामाला येतं.

आधी ओळख. ‘प्रोजेक्ट आयजीआय’ नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजनं बनवला आणि आयडॉसनं २००० च्या डिसेंबरमध्ये बाजारात आणला. नावातली तीन अक्षरं म्हणजे ‘आय अॅम गोइंग इन’, मी आत शिरतोय. गेमचा नायक डेव्हिड जोन्स हा ब्रिटिश लष्कराच्या एसएएस या खास तुकडीचा माजी जवान, एकटा माणूस, चौदा मिशन. तेव्हाच्या समीक्षकांनी आवाजाची आणि चित्रांची वाहवा केली. शिपायांची अक्कल, मिशनच्या मधे सेव्ह (झालेला खेळ साठवायची सोय) नसणं आणि चारचौघांत मिळून खेळायची सोय नसणं या तीन गोष्टींवर ताशेरे ओढले. ताशेरे खरे होते. तरी आपल्याकडच्या कॅफेंत हा गेम वर्षानुवर्षं टिकला. का टिकला, तिथून सुरू करू.

इनरलूपनं त्याआधी ‘जॉइंट स्ट्राइक फायटर’ नावाचा लढाऊ विमानांचा गेम केला होता. त्याचंच इंजिन, म्हणजे गेम चालवणारी आतली यंत्रणा, त्यांनी ‘आयजीआय’ला लावलं. विमानातून दिसणारी जमीन मोठी लागते: डोंगर, दऱ्या, लांबवर पसरलेलं माळरान. ती सगळी जमीन पायी चालणाऱ्या माणसाला मिळाली. त्या काळातले बहुतेक बंदुकीचे गेम बोळातून बोळात नेणारे होते. दार उघडलं की समोर शत्रू. इथं तू टेकडीवर उभा असायचास आणि तळ खाली, लांब, सगळाच्या सगळा दिसायचा. कुंपण, टेहळणीचे मनोरे, बॅरेक, दिव्यांचे खांब. मग दुर्बीण काढायची. शिवाय जवळ एक छोटा संगणक असायचा, त्यावर उपग्रहातून पाहावं तसा तळ वरून दिसायचा, आत वावरणारी माणसंही दिसायची. आम्ही वहीच्या मागच्या पानावर मनोरे काढून त्यांना आकडे द्यायचो. कुठला शिपाई कधी वळतो, कुठल्या खांबाच्या सावलीतून कुंपणापर्यंत पोचता येईल, कुंपणापलीकडं पहिला आडोसा कुठला. पहिली गोळी झाडायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं नुसती बघण्यात जायची, आणि ती पंधरा मिनिटं गेममधली सगळ्यात चांगली असायची.

याला मी गेमचं खरं बळ म्हणतो. लांबून बघणं हाच इथं खेळ होता. माझ्याकडं शिकायला नवीन पोरं आली की पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडायचा नाही, असा नियम आहे. त्यांना पन्हाळ्याला नेतो. कड्यावरच्या सज्जा कोठीवर उभं करतो, खालचं खोरं दाखवतो आणि कागद-पेन्सिल देतो. इथून काय दिसतं आणि काय दिसत नाही, दोन्ही काढा. पहिल्यांदा सगळे दिसतं तेच काढतात. अर्ध्या तासानं कुणाच्या तरी लक्षात येतं की झाडीमागचा उतार, कड्याच्या अगदी पायथ्याचा पट्टा आपल्या नजरेत येतच नाही. तिथून ‘तीन दरवाजा’ या गडाच्या प्रवेशद्वाराला जातो. आत येणारा माणूस एका दरवाजातून चौकात शिरतो तेव्हा वरच्यांना तो पुरता दिसत असतो आणि त्याला पुढचं काहीच दिसत नसतं. किल्ला बांधणाऱ्यानं येणाऱ्याची नजर अडवली आणि राखणाऱ्याची मोकळी ठेवली. लपतछपत खेळायची लेव्हल आखताना तुला हेच उलटं करायचं असतं: सुरुवातीला खेळणाऱ्याला सज्जा कोठी द्यायची, मग त्याला तीन दरवाजातून चालायला लावायचं. ‘आयजीआय’मधली चांगली मिशनं अशीच आहेत. वरून सगळं समजल्यासारखं वाटतं. खाली उतरलं की भिंती उंच होतात, पाठ केलेला नकाशा आणि डोळ्यांपुढचा कोपरा जुळवताना छाती धडधडते.

आवाजाबद्दलही समीक्षक बरोबर होते. वारा, लांबून येणारी पावलं, मग एकदम भोंगा. संगीत मागं राहायचं आणि तळ ऐकू यायचा. यावर जास्त लिहीत नाही, एकदा हेडफोन लावून खेळ म्हणजे कळेल.

आता दुखणं. तू दोन तासांत वैतागलास तो कुठं, हे तू लिहिलं नाहीस. माझा अंदाज असा की पहिल्यांदा भोंगा वाजला त्यानंतर.

कॅमेऱ्यात दिसलास किंवा एखाद्या शिपायानं धावत जाऊन बटण दाबलं, की भोंगा वाजतो आणि बॅरेकमधून माणसं बाहेर पडतात. इथवर रास्त आहे. पण तू आधीच ती बॅरेक रिकामी केलेली असतेस. आत जाऊन, खाटांमधून फिरून, कुणी उरलं नाही हे डोळ्यांनी बघितलेलं असतं. आणि भोंगा वाजल्यावर त्याच दारातून पुन्हा शिपाई बाहेर येतात. मारले तर आणखी येतात. मला अजून आठवतं, एकदा मी अशा बॅरेकच्या दारातच उभा राहिलो, बघू तरी कुठून येतात म्हणून. ते कुठून येत नव्हते. नुसते उगवत होते.

ही चूक मला सेव्ह नसण्यापेक्षा कितीतरी मोठी वाटते, कारण ती गेमच्या बळावरच घाव घालते. वीस मिनिटं बसून मी माणसं मोजली, वहीत लिहिली. गेमनंच मला मोजायला शिकवलं. आणि ऐन वेळी गेम सांगतो की तुझ्या मोजण्याला अर्थ नाही. दुर्बिणीतून जे दिसलं ते खरं असलं पाहिजे. तिथं खोटं निघालं की खेळणारा पुढच्या वेळी दुर्बीण काढत नाही, सरळ बंदूक काढतो.

दुसरं, शिपायांची अक्कल. मेलेल्या सोबत्याच्या शेजारून दुसरा शिपाई आपला ठरलेला फेरा मारत निघून जायचा. उलट कधी टेकडीच्या कुशीत बसलेल्या मला असा शिपाई गोळी घालायचा जो मला पडद्यावर ठिपक्याएवढाही धड दिसत नव्हता. म्हणजे जवळचं दिसत नाही आणि लांबचं अचूक दिसतं. शिपाई मठ्ठ असला तर चालतं, हुशार असला तरी चालतं. खेळणाऱ्याला त्याचा स्वभाव कळला पाहिजे, एवढंच. ‘मी का सापडलो?’ या प्रश्नाला दर वेळी उत्तर मिळालं पाहिजे. ‘आयजीआय’मध्ये निम्म्या वेळा ते मिळत नाही.

आणि मधलं काही नाही. शिपायाला एक तर तू माहीतच नाहीस, नाहीतर तो तुझ्यावर गोळ्या झाडतोय. शंका नावाची पायरी नीट बांधलेलीच नाही. आपल्या गल्लीतला रात्रीचा गुरखा आठव. आवाज आला तर तो आधी थांबतो, मान वळवतो, "कोन हाय?" म्हणतो, बॅटरी मारतो, दोन पावलं पुढं येतो, काही दिसलं नाही तर पुटपुटत परत जातो. त्या दोन पावलांत सगळी मजा आहे. तुला श्वास रोखून बसता येतं, मागं सरकता येतं, खडा दुसरीकडं टाकता येतो. माझ्या मते अशा गेमची परीक्षा सापडल्यानंतरच्या दहा सेकंदांत होते. लपणं जवळजवळ प्रत्येक गेमला जमतं. त्या दहा सेकंदांत खेळणाऱ्याला काही करता येतं का, चूक निस्तरता येते का, ते बघायचं.

हे तंत्र तेव्हा कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. ‘आयजीआय’च्या दोन वर्षं आधी, १९९८ मध्ये, अमेरिकेच्या लुकिंग ग्लासचा ‘थीफ’ आला होता. त्यात पडद्याच्या खाली एक मणी असायचा. तो उजळला की तू उजेडात, विझला की अंधारात. फरशीवर किंवा लोखंडावर चाललं तर पाऊल वाजतं, गालिच्यावर आणि गवतावर वाजत नाही. पाण्याच्या बाणानं मशाल विझवता येते. पहारेकरी आधी कान टवकारतो, मग शोधायला लागतो, मग ओरडतो, आणि प्रत्येक वेळी तोंडानं बोलतो, त्यामुळं तो कुठल्या पायरीवर आहे हे अंधारातही कळतं. त्याच वर्षी जपानच्या कोनामीचा ‘मेटल गिअर सॉलिड’ आला. तिथं सापडलास तर शिपायाच्या डोक्यावर उद्गारचिन्ह उमटतं, पाठलाग होतो; तू नजरेआड झालास की आकडा उलटा मोजायला लागतो आणि शून्यावर आला की तळ शांत होतो. चुकीची किंमत आहे, पण ती फेडता येते. आणि स्पेनच्या पायरो स्टुडिओजचा ‘कमांडोज’, तोही १९९८ चाच, आपल्या कॅफेंत ‘आयजीआय’च्या शेजारच्या मशीनवर हमखास असायचा. त्यात शिपायाची नजर हिरव्या त्रिकोणासारखी जमिनीवर पसरलेली दिसते. जवळच्या भागात सापडतोसच. लांबच्या गडद भागातून मात्र सरपटत गेलास तर दिसत नाहीस. त्या दोन हिरव्या छटांत नियम किती स्वच्छ सांगितलाय बघ.

सेव्हबद्दल मात्र माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. त्या काळात आपल्याकडं भारनियमन होतं. कॅफेत यूपीएस फक्त मालकाच्या मशीनला. चाळीस मिनिटं सरपटत शेवटच्या इमारतीत पोचलो, दार उघडलं, आणि लाइट गेली. मिशन पहिल्यापासून. असं मी किती वेळा सोसलं त्याची गणती नाही. शिवाय पूर्ण केलेली मिशनं ज्या मशीनवर खेळलो त्याच मशीनवर राहायची. तीन नंबरच्या पीसीवर दुसरं कुणी बसलं असेल तर वाट बघत उभं राहायचं. तरीही मी म्हणेन की सेव्ह नसल्यामुळंच आम्ही बघायला शिकलो. हवं तेव्हा सेव्ह करता आलं असतं तर दर दहा पावलांना केलं असतं, सापडलो की परत, सापडलो की परत. मग शिपायाचा फेरा कुणी पाठ केला असता? चुकायची भीती होती म्हणून दुर्बीण होती.

फक्त, ही शिक्षा द्यायची तर जग प्रामाणिक पाहिजे. माझ्या चुकीनं चाळीस मिनिटं गेली तर मी दात खाऊन पुन्हा बसेन. रिकाम्या बॅरेकमधून उगवलेल्या माणसानं घालवली तर उठून जाईन. ‘आयजीआय’नं कडक शिक्षा आणि बेइमान बॅरेक एकत्र आणली, तिथं तो बिघडला. २००३ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात मिशनच्या मधे सेव्ह करता येऊ लागलं, पण मोजक्याच वेळा. मला तो उपाय पटतो. सेव्ह कधी वापरायचं याचाच विचार करावा लागतो.

आता तुमचा बैल.

तुमची गोष्ट ‘आयजीआय’पेक्षा चांगली जागा घेऊन बसली आहे, हे तुम्हाला कळलंय का मला माहीत नाही. गुऱ्हाळ रात्री कसं दिसतं ते आठव. चुलवाणात चिपाड घालणारा गडी बसलेला असतो. चिपाड आत गेलं की जाळ उसळतो, सगळा मांडव उजळतो, मग हळूहळू उजेड बसतो, तोवर पुढची पेंढी. तुम्हाला दिव्यांचं वेळापत्रक लिहायची गरजच नाही, त्या गड्याचे हातच वेळापत्रक आहेत. खेळणाऱ्यानं लांबून बसून ती लय ओळखायची आणि उजेड बसला की चौक ओलांडायचा. रस उकळणाऱ्या काहिलीतून वाफ उठते, तिचा आडोसा. आणि जाळाकडं बघत बसलेल्या माणसाला अंधारातलं दिसत नाही. माणसाच्या डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तेव्हा चुलवाणापाशी बसलेला राखण्या मागं वळला तरी काही सेकंद आंधळा असू दे. मांडवाबाहेर अंधारात फिरणारा दुसरा राखण्या मात्र तिखट नजरेचा कर. दोघांतला फरक खेळणाऱ्याला स्वतःहून सापडला की तो खुर्चीत सरसावून बसेल.

जमीन तर आपल्याकडं तयारच आहे. वाळलेलं पाचट पावलाखाली कडाकडा वाजतं. चिपाडाचा ढीग मऊ, आवाज कमी, पण पाय रुततो आणि वेग मंदावतो. सारवलेली जमीन गप्प. पत्र्याला हात लागला तर सगळं गुऱ्हाळ जागं. उसाच्या फडात शिरलं की दिसत नाहीस, पण पानं सळसळतात, आणि वारा सुटला असेल तर ती सळसळ कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणजे वाऱ्याची वाट बघणं हाही डाव झाला. चारच पृष्ठभाग घ्या, चारांचे आवाज स्वतः जाऊन मोबाइलवर रेकॉर्ड करा. विकतच्या आवाजात पाचट मिळणार नाही.

राखण्याला पोरगं दिसतंय का हे तपासायला गेममध्ये नुसती एक अदृश्य रेघ त्याच्या डोळ्यापासून पोराच्या छातीपर्यंत टाकून थांबू नका. डोकं, छाती, पाय अशा तीन रेघा टाका आणि तिन्ही मिळून शंका साठवा. एकच रेघ आडोशाला न अडता पोचली तर शंका हळू भरते, तिन्ही पोचल्या तर झटकन. पूर्ण भरायला जवळून अर्धा सेकंद, लांबून दोन-अडीच सेकंद, इथून सुरुवात करा आणि खेळवून बघत बदला. निम्मी भरली की राखण्यानं थांबून बोललंच पाहिजे. आणि तो बोलणार आपल्या भागातलं: "कोन हाय रं तिकडं?" सापडल्यावर लगेच खेळ संपवू नका. त्यानं शेवटचं जिथं बघितलं तिथं तो जाईल, आसपास शोधेल, दुसऱ्याला हाक मारेल. तेवढ्यात पोरगं फडात शिरू दे. पण त्यानंतर राखण्या पहिल्यासारखा झोपाळू राहणार नाही, त्याची जागा बदलेल. आणि माणसं सुरुवातीला दिसली तेवढीच. तीन असतील तर तीनच. चौथा हवाच असेल तर तो घोंगडी पांघरून बाजेवर झोपलेला खेळणाऱ्याला आधी दिसू दे.

आता सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. बैल सोडवल्यावर तुमचा गेम सुरू होतो. आत शिरताना पोरगं एकटं, हलकं. परत येताना त्याच्यासोबत थोराड जनावर. ते सरपटणार नाही, फडाच्या कडेचं वाडं, उसाचे हिरवे शेंडे, बघून थांबेल, अनोळखी माणूस जवळ आला तर फुरफुरेल. ज्या वाटेनं आत आलो ती वाट आता बंद. म्हणून आत जातानाच, त्या पहिल्या टेकाडावरून बघतानाच, येण्याची वाट ठरवावी लागेल. ‘आयजीआय’चं सगळं बळ, ते लांबून बघणं, इथं दुप्पट होऊन मिळतं. गळ्यातल्या घंटेचं तुम्ही लिहिलंय, पोरगं ती आपोआप काढतं. आपोआप नको. काढायला सहा-सात सेकंद लागू देत, आणि काढताना एकदा तरी वाजू दे. कुणी वाऱ्याची वाट बघेल, कुणी पाचट कोंबून ती मुकी करेल, कुणी घाईत तशीच घेऊन पळेल.

पाच ते आठ मिनिटांची एक लेव्हल करा, सेव्हचा प्रश्नच उरणार नाही. पुढच्या रविवारी सकाळी राजारामपुरीत माझ्याकडं घेऊन या, जेवढं झालंय तेवढं, कच्चं असलं तरी. सोबत तुझ्या मोठ्या भावाला आण. त्याला काही सांगायचं नाही, मागं उभं राहायचं, आणि तो पहिल्यांदा सापडल्यावर तोंडातून काय बाहेर पडतं ते लिहून घ्यायचं. "अरे, मी वाजवलं" म्हणाला तर पुढं जाऊ. "हा कुठनं आला?" म्हणाला तर राखण्यापासून पुन्हा सुरू करू.